डावीकडून दुसरी बरणी

आमच्या घरात सकाळ व्हायची ती बाटल्या धुण्याच्या आवाजानं. पुढं औषधांचं दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यामागं न्हाणी, असं आमचं भोरातलं घर. न्हाणीत अम्मी घमेल्यात ऊन पाणी घेऊन बसलेली असायची. बाटलीत मूठभर जाड वाळू, घोटभर पाणी, तोंडावर अंगठा, आणि मग खळखळ, खळखळ. धुतलेल्या बाटल्या खुंट्यांच्या फळीवर पालथ्या निथळायच्या आणि चुलीवर भाकरी पडायची. आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकरीच्या वासात पेपरमिंटचा वास मिसळलेला असे. कुणाच्या घरी जेवायला गेले की मला भाकरीत काहीतरी कमी आहे असं वाटायचं, आणि ते पेपरमिंट होतं हे कळायला बरीच वर्षं गेली.

धुवायच्या बाटल्या लोकांच्याच असत. तेव्हाची पद्धतच तशी होती. पातळ औषध हवं तर बाटली घरून आणायची. वेल्ह्याकडची, डोंगरापलीकडची माणसं पिशवीत फडक्यात गुंडाळून बाटली आणायची, कुणाची मधाची, कुणाची तेलाची. अब्बा पहिल्यांदा बूच काढून वास घ्यायचे. घासलेटाचा नुसता संशय आला तरी बाटली परत, आणि आमच्या फळीवरची धुतलेली बाटली त्या माणसाच्या हातात. वर ऐकवायचे, "दिव्याची बाटली दिव्यालाच राहू द्या, लेकराला नको." औषध भरलं की बाटलीच्या पोटावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. पट्टीच्या प्रत्येक खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही औषध किती द्यायचं ते त्यावरून कळायचं. या पट्ट्या अम्मी कापायची. कागदाची घडी घालून कात्रीचे चार घाव घातले की आठ खाचा पडायच्या, आणि एकही खाच लहानमोठी नसायची.

पण घरातल्या खऱ्या बाटल्या त्या नव्हेत. त्या अब्बांच्या पाठीमागच्या फळ्यांवर होत्या. माझे आजोबा संस्थानाच्या काळातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या जुन्या बाटल्या मोडीत निघाल्या तेव्हा त्यांनी त्या मागून घेतल्या आणि बैलगाडीत गवतावर निजवून घरी आणल्या, असं अब्बा सांगत. जाड काचेच्या, काचेचीच बुचं असलेल्या. बूच इतकं घासून बसवलेलं की फिरवून काढताना चुर्र असा आवाज यायचा. काही गोल, काही चौकोनी, काही खांद्याशी बसक्या. बहुतेक बिनरंगी, थोड्या तपकिरी आणि सात निळ्या. निळ्यांना सहा कोन होते आणि अंगावर उभे कंगोरे. पोटात जाता कामा नये ते सगळं निळ्या बाटल्यांत. अब्बा म्हणायचे, "बनवणाऱ्यानं विचार केलाय बघ. दिवा गेला तरी हाताला कळलं पाहिजे, की हे विष आहे." खायचा सोडा खालच्या फळीवर गोल बाटलीत होता आणि बोरिक पावडर वरच्या फळीवर निळ्या बाटलीत. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना वास नाही. त्या निळ्या बाटलीच्या ओठाखाली लहानसा टवका उडालेला होता. अब्बांची बोटं तिच्यावर पडली की नख त्या टवक्यावर क्षणभर टेकायचं, आणि मगच बाटली खाली यायची.

पुण्याहून डी. फार्म. करून मी परत आले तेव्हा माझं वय बावीस आणि डोक्यात हवा पन्नाशीची. गावातली डी. फार्म. झालेली पहिली मुलगी, म्हणून लोक दुकानात नुसते बघायला यायचे. अब्बांनी मला गल्ल्याशेजारी खुर्ची दिली, आणि पहिल्याच आठवड्यात एकदा म्हणाले, "ये बेटा, डोळे मीट. एकेका बाटलीला हात लावून बघ. दोन महिन्यांत हात शिकतो."

मी हसले. म्हटलं, "अब्बा, आता लेबलं असतात. डोळे मिटून औषधं द्यायला शिकले तर परीक्षक माझं सर्टिफिकेट परत नेतील."

तेही हसले. "तेही खरंच," म्हणाले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मला तेव्हा दिसायला हवं होतं. आज या वयात, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत असताना, मी त्या महिन्यांतला एकेक दिवस आठवून बघते तेव्हा सगळं लख्ख दिसतं. अब्बा गिऱ्हाईक बोलल्याशिवाय नाव घेऊन हाक मारत नसत. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीच्या मिक्श्चरना नंबर दिलेले होते. माणूस येऊन "तीन नंबर सांगितलंय" म्हणायचा, त्यामुळं चिठ्ठी वाचावी लागत नसे. एखादी चिठ्ठी आलीच तर अब्बा सोबतच्या पोराला विचारायचे, "शाळेत जातोस ना? मग वाच बरं काय लिहिलंय." आम्हाला वाटे, पोरांची गंमत करतात. गोळ्यांच्या पाकिटांची बाजू अम्मीनं कधीच आपल्याकडं घेतली होती. बाटली भरताना ते ती कानाजवळ धरत आणि पाण्याचा आवाज बारीक होत गेला की नेमक्या खाचेवर हात थांबे. त्याला मी कसब समजत होते. मैत्रिणींना कौतुकानं सांगायचेसुद्धा.

एका शुक्रवारी अब्बा नमाजाला गेले असताना मी दुकान आवरायला काढलं. कॉलेजातली प्रयोगशाळा माझ्या डोळ्यांसमोर होती. सगळ्या बरण्या एका मापाच्या, एका रंगाच्या, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या. पुण्याहून येताना मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बरण्या आणल्या होत्या, सुबक अक्षरात लेबलं लिहून ठेवली होती. अम्मी दारात उभी राहून म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्यांना विचार तरी." मी म्हटलं, "विचारलं तर नाहीच म्हणतील." ती पुढं काहीतरी बोलणार होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिला काय माहीत होतं आणि कुणाला दिलेल्या शब्दानं तिचं तोंड बांधलेलं होतं, ते मला पुढं कळलं. दुपारी भंगारवाला हाक देत आला. आजोबांनी गवतावर निजवून आणलेल्या बाटल्या मी त्याला दिल्या आणि बदल्यात एक हिरवी बादली घेतली. त्यानं त्या गोणीत टाकल्या तेव्हाचा आवाज मी ऐकला आणि मला काही वाटलं नाही, हे मी आज लिहून ठेवते.

अब्बा आले. नेहमीसारखा पाठीमागं हात गेला आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर थांबला. मग शेजारच्या बरणीवर गेला, मग त्यापुढच्या. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या, अब्बा. कसं वाटतंय?"

त्यांनी हात मागं घेतला. मग म्हणाले, "छान. मोकळं वाटतंय. आता मला क्रम सांग बघू."

मी सांगितला. खालच्या फळीवर डावीकडून पहिली तुरटी, दुसरी बायकार्ब, म्हणजे आपला खायचा सोडा, तिसरी बोरिक, आणि तसंच पुढं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अब्बा, पाठांतर घेऊ का?" ते म्हणाले, "घे." आणि शाळेतल्या मुलासारखे हात मागं बांधून त्यांनी सगळा क्रम म्हणून दाखवला, एकही चूक न करता. मी टाळ्या वाजवल्या. अम्मी आत भाकऱ्या थापत होती, तिची थाप मध्येच थांबली होती.

आठ-नऊ दिवस सुरळीत गेले. बाजारच्या दिवशी सकाळी एका न्हाव्यानं उरलेली सगळी तुरटी नेली. मी रिकामी बरणी धुवायला मागं दिली. फळीवर तिची जागा मोकळी दिसत होती, पहिलाच दात पडल्यासारखी. मला मेलीला नीटनेटकेपणाची हौस. मी बाकीच्या बरण्या डावीकडं सरकवल्या, एका रेषेत केल्या, दोन पावलं मागं येऊन बघितलं आणि जेवायला आत गेले.

त्या दिवशी जेवणात काय होतं तेसुद्धा मला आठवतं. सुकटीचं कालवण होतं. मी दुसरी भाकरी मोडत होते, तेवढ्यात बाहेरून सोनाबाईचा आवाज आला. सोनाबाई वेल्ह्याकडची म्हातारी, आमच्याकडं वर्षानुवर्षं येणारी. बरोबर सून आणि सुनेच्या कडेवर दोन महिन्यांचं बाळ. "चाचा, नातवाचं पोट फुगतंया, रातभर वरडतंय. डाक्टरनी लेकरांचं धाकलं तीन नंबर सांगितलंया." खलातली घरघर ऐकू आली, मग पाण्याचा बारीक होत गेलेला आवाज. "घरी गेल्यावर, दूध पाजलं की पहिला चमचा. आधी नाही. बाटली हलवून," अब्बांनी सांगितलं. "व्हय, व्हय," म्हणत त्या गेल्या.

हात धुऊन मी बाहेर आले तेव्हा दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. बरणीचं झाकण उघडं होतं आणि चमचा आतच. झाकण लावायला गेले आणि लेबल दिसलं.

"अब्बा, बोरिक कुणाला दिलंत?"

"कुणाला नाही. सोनाबाईचं मिक्श्चर केलं आत्ता. सोडा घेतला."

"ही बोरिकची बरणी आहे."

"डावीकडून दुसरी," ते म्हणाले. "दुसरी सोड्याची."

मी बरणी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चाचपडत हात पुढं केला, बरणीतून चिमूट घेतली, अंगठा आणि बोटात चोळली. सोडा असा बुळबुळीत लागत नाही. जिभेला लावली. आणि मग ते गिऱ्हाइकांच्या बाकावर मटकन बसले. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही.

"रेहाना," ते म्हणाले, "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. पळ, बेटा. ते पोरगं औषध प्यायच्या आत पळ."

मी पायात चप्पल न घालता पळाले. स्टँडवर पुण्याची एसटी नुकतीच सुटली होती. सोनाबाई नसरापूरच्या फाट्यावर उतरून वेल्ह्याची गाडी बघणार, हे मला माहीत होतं. भाजी उतरवून परत निघालेला एक टेम्पो समोर उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "चाचांची पोर न्हवं का तू? काय झालं?" मी म्हटलं, "फाट्यापर्यंत सोड, दादा, लवकर." त्यानं पुढं काही विचारलं नाही. त्या पाऊण तासात मी किती वेळा अल्लाचं नाव घेतलं ते मला सांगता येणार नाही, पण मध्येच मी बरण्यांचा क्रमही म्हणत होते. तुरटी, बायकार्ब, बोरिक. तुरटी, बायकार्ब, बोरिक. मला दिसत नाही, हे अब्बांचं वाक्य माझ्या आत शिरायलाच तयार नव्हतं. शिरलं ते बोरिकाशी आल्यावर, आणि मी टेम्पोत मोठ्यानं रडले.

फाट्यावर वडाखाली त्या दोघी बसल्या होत्या. बाळ किंचाळत होतं. सुनेच्या एका हातात चमचा, आणि सोनाबाई बाटली हलवत होती. मी जाऊन तिच्या हातातून बाटली हिसकावली आणि उजेडाकडं धरली. औषध पट्टीच्या पहिल्या खाचेवर होतं, जसंच्या तसं. तळाशी पांढरा गाळ फिरत होता.

"आगं आगं! येड लागलं का काय?"

"दिलं नाही ना? सोनामावशी, दिलं नाही ना त्याला?"

"आत्ता देत व्हते. चाचा म्हनलं घरी जाऊन, पर लई वरडाय लागलं, म्हनलं दूध तर पाजलंया, द्यावं हितंच."

मी तिथंच मातीत बसले आणि म्हटलं, "त्यात चुकीचं औषध पडलंय. विषारी आहे."

सोनाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग बाटलीकडं. तिनं नातवाला सुनेच्या कडेवरून घेऊन आपल्या छातीशी धरलं. मग म्हणाली, "चाचांच्या हातनं न्हाई व्हायची चूक. माझी चार लेकरं त्यांच्याच औषदावर वाढली. तूच केली आसशील, पोरी. शिकलेल्या पोरी गडबड्या."

"हो," मी म्हटलं. "मीच केली."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. आलीस ना पळत. अनवानी आलीस की गं." तिच्या त्या हातानं मला जेवढं लाजवलं तेवढं कुणाच्या शिव्यांनी लाजवलं नसतं. बाटली मी बाजूच्या शेताच्या बांधाला रिकामी केली. तिथल्याच डॉक्टरांकडून बाळाला औषध घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर केलेलं मिक्श्चर घेऊन मी वेल्ह्याला तिच्या घरी गेले. बाळ पाळण्यात झोपलं होतं.

फाट्यावरून त्या संध्याकाळी मी परत आले तेव्हा अब्बा बाकावरच होते. जागचे हललेच नव्हते. अम्मी शेजारी बसली होती. त्या दोघांना मी दुकानात असं शेजारी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"प्यायलं नाही," मी दारातूनच सांगितलं. अब्बांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. अम्मीनं मग सगळं सांगितलं. काचबिंदू होता. पुण्याला कुणाच्या तरी लग्नाला म्हणून गेले तेव्हा दाखवून आले होते. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. कळलं तर कॉलेज सोडून परत येईन, म्हणून अब्बांनी तिला शपथ घातली होती. माझं शिक्षण होईपर्यंत हात साथ देतील, एवढाच त्यांचा हिशेब होता. हातांनी साथ दिलीही.

"मी आल्यावर तरी सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"सांगणार होतो," अब्बा म्हणाले. "तुझा हात तयार झाला की." आणि थोड्या वेळानं, "सोनाबाईला काय सांगितलंस?"

"माझी चूक झाली म्हणून."

"खोटं कशाला बोललीस? हात माझा होता."

"खोटं नाही बोलले, अब्बा. तुरटीची बरणी मी काढली होती. बाकीच्या मी सरकवल्या."

हे त्यांना माहीत नव्हतं. सबंध दुपार ते समजत होते की त्यांचं पाठांतर चुकलं. मला वाटलं, आता तरी रागावतील. मला तो राग हवा होता. पण ते नुसते मान हलवत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे दुसरीच होती. मी बरोबर मोजली होती." त्या शब्दांत इतका सुटकेचा भाव होता की अम्मी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून अब्बा फळ्यांकडं गेले नाहीत. मी किती विनवलं. बरण्यांना दोरे बांधते, खुणा करते, पुन्हा काचेच्या बाटल्या शोधून आणते. भंगारवाल्याला गाठलं तर त्यानं गोणी कधीच पुढं दिली होती, आणि निम्म्या तर गाडीतच फुटल्या म्हणाला. अब्बा म्हणायचे, "नको बेटा. एकदा हाताचा भरवसा गेला की गेला." ते बाकावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे, आवाजावरून नाव घ्यायचे. पुढं मिक्श्चरचा जमानाच संपला, सीलबंद बाटल्या आल्या आणि अम्मीच्या पट्ट्यांचंही काम उरलं नाही. बाकावर बसल्या बसल्या अब्बांची बोटं कधीकधी हवेत वळायची, नख कशावर तरी टेकायचं. सात वर्षांनी ते गेले. त्यावरून मला एकदाही बोलले नाहीत, आणि हेच मला अजून सोसत नाही.

गेल्या वर्षी भाचीच्या घरच्यांबरोबर पानशेतला जेवायला गेलो होतो. धरणाकडच्या त्या हॉटेलात खिडकीत जुन्या औषधाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, शोभेला. पाण्यात मनीप्लँटच्या फांद्या. मधली निळी होती. सहा कोन, उभे कंगोरे. वाढणारा मुलगा म्हणाला, "लई जुनी हाय मॅडम, मालकांनी पुन्याहनं आनली." मी त्याला विचारून ती उचलली आणि डोळे मिटले. कंगोऱ्यांवरून अंगठा फिरवला, ओठाखाली बोट नेलं. टवका होता. पण तो तोच का, अब्बांचं नख टेकायचं ते इथंच का, की जरा डावीकडं, मला सांगता येईना. मी ती बाटली हजारदा पाहिली होती, हात कधी लावला नव्हता. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. भाचीनं विचारलं, "मावशी, काय झालं?"

"काही नाही," म्हटलं, आणि डोळे उघडून बाटली खिडकीत परत ठेवली. ठेवताना शेजारच्या दोन थोड्या बाजूला झाल्या होत्या. त्या सरकवून एका रेषेत करायला माझा हात आपोआप पुढं गेला, आणि मी तो मागं घेतला.